शेऱ्याचा रकाना

नोकरीसाठी येणाऱ्यांच्या मुलाखती घेणं हे आता माझं रोजचं काम आहे. ते मी ज्यांच्याकडून शिकले, त्या मॅडमचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते रुचायचं नाही. पण त्यांचं माझ्यावर ऋण आहे आणि ते फिटणारं नाही.

बुटीबोरीच्या एका कारखान्यात अकाउंट्सच्या जागेसाठी मी गेले, तेव्हा नागपूरचा मे महिना तापला होता. आईची किमो मानेवाड्याच्या तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलात चालू होती. एका साहेबांनी साधाच प्रश्न विचारला, बी.कॉम. झाल्यावर इतके दिवस काय केलं? "घरीच होते," एवढं म्हणून भागलं असतं. पण मी बोलत सुटले. आईचं दुखणं, बाबांचं सुटलेलं काम, गहाण पडलेले दागिने, काकांशी झालेलं भांडण. बोलता बोलता रडू फुटलं. साहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

मॅडमनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं आणि पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "घाई नाही बेटा. थोडं थांबायचं का, की उद्या येतेस?" मी म्हटलं, आत्ताच होऊ द्या. कुठला कॅन्सर, कितवी स्टेज, डॉक्टर काय म्हणतात, त्यांनी काही म्हणजे काही विचारलं नाही. मी पाणी प्यायले, पदर सावरला, तेव्हा म्हणाल्या, "बरं, टॅलीत बँक रिकन्सिलिएशन कसं करतेस ते सांग." ते मला येत होतं. आवाज ताळ्यावर आला.

मी उठणार तेवढ्यात त्यांनी समोरचा कागद माझ्याकडे फिरवला. शिक्षण, अनुभव, संगणक, भाषा असे रकाने आणि शेवटी शेरा. शेऱ्यात दोनच शब्द होते : टॅली उत्तम. "घरचं बोललीस ते मी ऐकलं, पण लिहिलं काही नाही. रात्री त्याचाच विचार करत बसू नकोस."

हे त्या बोलल्या नसत्या, तर आपण परक्यांपुढे घर उघडं केलं या विचाराने मी कित्येक रात्री जागून काढल्या असत्या.

नोकरी लागली. आत काय घडलं होतं ते पुष्कळ पुढे कळलं. एकाचं म्हणणं, घरी एवढा व्याप आहे, पोरगी टिकायची नाही. दुसऱ्याला दया आली होती, घेऊन टाका म्हणत होते. मॅडमनी दोन्ही म्हणणी बाजूला सारली आणि सगळ्या उमेदवारांना विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरं पुन्हा वाचायला लावली. "दयेवर घेतलं असतं तर इथे तू कायम बिचारीच राहिली असतीस," असं त्या मला एकदा म्हणाल्या.

काही वर्षांनी त्यांनी मला आपल्या विभागात मागून घेतलं. मी त्यांच्या शेजारी मुलाखतीला बसू लागले. आपुलकी म्हणजे विचारपूस, अशीच माझी समजूत होती. एक बाई बोलण्याच्या ओघात घटस्फोटाचं सांगून गेल्या. मी पुढे काही विचारणार, तोच मॅडमनी विषय कामावर आणला. नंतर म्हणाल्या, "आपण मायेनेच विचारतो. पण त्यांना नोकरी हवी असते. 'नाही सांगत' असं त्या आपल्याला म्हणू शकतात का?" या प्रश्नाने माझी विचार करण्याची रीतच बदलली.

त्यांच्या खणात एका निकालाची झेरॉक्स असायची. नीरा माथुर यांना आयुर्विमा महामंडळाने बाळंतपणाच्या रजेनंतर कामावरून कमी केलं होतं. महामंडळाच्या फॉर्ममध्ये महिला उमेदवारांना मासिक पाळी, गरोदरपण, गर्भपात यांची माहिती भरावी लागे. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने नीरा माथुर यांना परत कामावर घ्यायला लावलं आणि असले रकाने काढून टाकायला सांगितलं. मॅडम म्हणत, जे विचारायचा आपल्याला हक्क नाही, ते कुणी आपणहून सांगितलं म्हणून आपलं होत नाही. 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. तसा निकाल देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठात आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते, याचं मॅडमना फार अप्रूप वाटलं. तो निकालही खणात गेला.

त्या निवृत्त झाल्यावर एक तरुण माझ्यासमोर असंच काही बोलून गेला. काय, ते इथेही लिहिणार नाही. मी पेन खाली ठेवलं, थांबले, मग कामाचे प्रश्न विचारले आणि तो उठायच्या आत कागद त्याच्याकडे फिरवला. संध्याकाळी मॅडमना फोन करावासा फार वाटला. केला नाही, कारण ती गोष्ट त्यांनाही सांगायची नव्हती.

वैवाहिक स्थिती आणि वडिलांचा व्यवसाय हे दोन रकाने मॅडमनी जाण्यापूर्वी आमच्या अर्जातून भांडून काढायला लावले. तुमच्या ऑफिसच्या अर्जात ते अजून असतील, तर ते कशासाठी आहेत हे एकदा विचारून बघा.