खळ्यातला आठ

मोटारसायकलच्या मागच्या चाकाला डाव्या अंगाने लोखंडी जाळी असते, तिला आपल्याकडे साडीगार्ड म्हणतात. ती जाळी कायद्यात आहे, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, नियम १२३. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निदान अर्धं चाक झाकलेलं असावं, धरायला मूठ असावी, पाय ठेवायला आधार असावा. वाचताना माय डोळ्यांपुढे आली. अहमदपूरच्या बाजाराला निघाली की ती अण्णांच्या मागे एका अंगाने बसायची. मांडीवर पिशवी, पदराचं टोक दातात, एक हात त्या मुठीवर. कुणीतरी कुठल्याशा कार्यालयात बसून माझ्या मायच्या पदराचा विचार केला होता, याचं मला फार बरं वाटलं. पण आमच्या घरातल्या बाईला त्या गाडीवरची तेवढीच एक जागा ठाऊक होती. मीही तिथंच बसत आले. आधी अण्णांच्या मागे, मग भावाच्या, मग नवऱ्याच्या.

गाडी अण्णांची स्प्लेंडर. ९७.२ सीसीची, चार गिअरची, एमएच २४ म्हणजे लातूरच्या नंबरची. तिच्यावरून दुधाच्या किटल्या गेल्या, तुरीच्या बियाणाच्या पिशव्या गेल्या, मला बारावीला लातूरला सोडायला हीच गेली. दोन वर्षांपूर्वी तुळजापूरहून येताना रस्त्यात अण्णांना लायसन विचारलं. त्यांनी मोठ्या विश्वासाने खिशातून काढून दिलं, तर त्याची मुदत केव्हाच संपलेली. दंडाचं त्यांना काही वाटलं नाही. आपण इतके दिवस चुकीचे होतो आणि आपल्याला ते माहीतही नव्हतं, हे त्यांच्या मनाला लागलं. घरी आल्यावर गाडी पुसली, गोठ्याशेजारी लावली आणि पुढच्या महिन्यात भावाकरवी नांदेडला माझ्याकडे पाठवून दिली. फोनवर एवढंच म्हणाले, "पडून गंजण्यापरीस तूच चालव आता."

सगळ्यांनी सांगितलं की ती विक आणि स्कूटी घे. बाईला गिअरची गाडी कशाला? सांगणाऱ्यांत बायकाच जास्त होत्या. पण बिनगिअरच्या गाडीवर चाचणी दिली तर परवाना बिनगिअरचाच मिळतो. अण्णांची गाडी त्यात बसत नाही. मला अण्णांचीच गाडी चालवायची होती.

दुसरंही एक कारण होतं आणि खरं तर तेच मोठं होतं. मी हायस्कूलला शिकवते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा, नववीतला, शेतावरून येताना उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला मागे ना दिवा ना रेडियम. मुलाकडे ना लायसन ना वय. तो वाचला, पण पुन्हा मैदानावर पळाला नाही. त्या मुलाला गाडी येत नव्हती असं नाही, उलट फार चांगली येत होती, असं त्याचे वडील मला पुन्हा पुन्हा सांगत होते. आमच्याकडे मुलांना गाडी येतेच. पाय टेकायला लागले की येते. दहावीला चांगले मार्क पडले की बक्षीस म्हणून येते. लातूरला शिकवणीसाठी सगळ्या मराठवाड्यातून पोरं जमतात, त्यांतली कितीतरी अठरा पूर्ण व्हायच्या आत ट्रिपल सीट फिरत असतात. कायदा मागे फक्त एकालाच बसवा म्हणतो. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद, अशी दुरुस्ती २०१९ साली झाली, तीही मी वर्गात वाचून दाखवली. मुलांनी ऐकून घेतलं. मग एकीने विचारलं, "मॅडम, तुमच्याकडं आहे का लायसन?"

माझ्याकडे नव्हतं. लागलंच नव्हतं कधी.

महाराष्ट्रात २०२१ पासून शिकाऊ परवान्याची परीक्षा आधारवरून घरबसल्या देता येते. पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. मी दार लावून बसले, कारण भाचा उत्तरं सांगायला फार उत्सुक होता. त्याला बाहेर घालवताना मला त्या नववीतल्या मुलाची आठवण येत होती. अभ्यास मी मनापासून केला होता. त्रिकोणी पाटी सावध करते, गोल पाटी हुकूम देते, चौकोनी पाटी माहिती देते. वीस वर्षं नांदेड-लातूर रस्त्याने जा-ये केली आणि या पाट्यांची ही भाषा मला एकदाही वाचता आली नव्हती. मागे बसणाऱ्याला रस्ता वाचावा लागत नाही, त्याला फक्त पोचायचं असतं.

लर्निंग मिळालं की पक्क्या परवान्यासाठी निदान तीस दिवस थांबायचं असतं. हे तीस दिवस आमच्याकडे कुणी दिवस म्हणून जगत नाही. ती कागदाची मुदत, ती भरायची, मग तारीख घ्यायची. नियमात मात्र त्या दिवसांचं फार बारीक वर्णन आहे. सोबत परवानाधारक शिकवणारा हवा. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला मागे बसवायचं नाही. आणि गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या चौकोनावर लाल 'एल' हवा, चौकोन किमान १८ सेंटिमीटरचा. मी पुठ्ठा आणला, पट्टीने मोजून कापला, लाल रंग दिला. नवरा म्हणाला, मोटारसायकलला एल लावलेला मी तरी कधी बघितला नाही. मीही बघितला नव्हता. तरीही आम्ही तो तारेने बांधला.

मला जे सांगायचंय ते या पुठ्ठ्याबद्दलच आहे. आमच्या भागात न येणं लपवावं लागतं. पोहायला शिकायचं ते पोरं विहिरीवर नसताना, सायकल शिकायची ती भर दुपारी, गाव झोपलेलं असताना. अण्णा गाडी शिकले ते पाहुण्याची फटफटी रात्री ढकलत गावाबाहेर नेऊन; चालू केली असती तर आवाज झाला असता. येत नसलेल्या माणसाला आपण हसतो, म्हणून तो येत असल्यासारखं करतो, आणि तसाच हायवेला लागतो. कायद्याने मात्र इथं माणसाला सांगितलंय, की तुला येत नाही हे तू एक महिनाभर सगळ्या जगाला दिसेल असं लिही. इतकी मायेची गोष्ट कायद्यात असेल असं मला वाटलं नव्हतं.

आणि त्याचा गुण येत होता. विष्णुपुरीकडच्या रस्त्यावर माझी गाडी चढाला बंद पडली तेव्हा मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न दिला नाही. पाटी वाचली आणि हाताने, सावकाश, असं केलं. पगडी बांधलेले एक आजोबा बुलेट थांबवून सांगून गेले, बेटा, क्लच एकदम नको सोडू, त्याला अर्ध्यात धर. मुलीला शिकवणीला सोडायला मी ठाम नकार दिला, कारण तो महिना मला ती मुभा नव्हती. ती बारा वर्षांची आहे, रुसली. चौथ्या दिवशी तिला मैत्रिणींना सांगताना मीच ऐकलं, माझी मम्मी शिकतेय, तिला आत्ता डबल सीट चालत नाही.

हाफ क्लच हे सगळ्या शिकण्याचं मर्म. इंजिन आणि चाक यांची भेट तिथं होत असते. पूर्ण जोडलेलंही नाही, पूर्ण सुटलेलंही नाही. पंजाच्या चार बोटांत ती जागा सापडायला मला अकरा दिवस लागले. सापडली तेव्हा एकदम ओळखीची वाटली, पिठात पाणी घालताना हात जिथं थांबतो तसली.

चाचणीला आठाचा आकडा काढायचा असतो, पाय न टेकता. वेगात गाडी स्वतःच स्वतःला सावरते; सावकाश चालवणं अवघड. लोह्याजवळच्या माळेगावच्या यात्रेत आजोबा घोडे बघायला न्यायचे तेव्हा तेच म्हणायचे. पळतं ते समदंच, चालीत बघ. पहिल्या खेपेला माझा डावा पाय दुसऱ्या वळणावर टेकला. नापास. सात दिवसांनी पुन्हा यायचं. चूक कुठली ते मला नीट कळलं होतं: मी पुढच्या चाकाकडे बघत होते. जिथं बघाल तिथं गाडी जाते, चाकाकडे बघितलं की ती चाकापाशीच पडते. दुसऱ्या खेपेला मी मान वळवली, वळण संपतं तिथं नजर टाकली, पुढच्या ब्रेकला हात लावला नाही, मागचा हलका दाबून ठेवला आणि क्लच अर्ध्यात. आठ पूर्ण झाला. परवान्याच्या नंबरात एमएच २६ च्या पुढे साल येतं. मी कोणत्या साली शिकले ते आता त्यावर कायमचं लिहिलेलं आहे, आणि ते मला आवडतं.

मग संक्रांतीनंतर एका रविवारी गावी गेले. लोहा, माळेगाव, मग अहमदपूरची वाट. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्या टायरला लागून डांबरावर आलेली काळी माती. कडेला अर्धा रस्ता अडवून वाळत घातलेली तूर. मागे बसून हे सगळं कितीदा बघितलं होतं. आता यातली एकेक गोष्ट मला काहीतरी सांगत होती. काळी माती ओली असती तर मी इथून गेलेच नसते.

माय दारात उभी होती. तिनं आधी साडीगार्डवर हात फिरवला, मग माझ्या गालावर. अण्णा मात्र गप्प होते. जेवणं झाल्यावर म्हणाले, "माझं कसं करायचं? रिन्यू करतेत का?"

मी माहिती काढून आणली होती. मुदत संपून एक वर्षाच्या वर गेलं, की नुसतं नूतनीकरण होत नाही, चाचणी पुन्हा द्यावी लागते. वयामुळे डॉक्टरचा दाखलाही लागतो. ऐकून ते बराच वेळ बसून राहिले. "म्हणजे पुना शिकाऊ?"

"हो, अण्णा."

"आठ मला कुणी काढायलाच लावला नव्हता गं तवा. सरळ नेली अन् आणली."

आमचं खळं आता नुसतंच मोकळं अंगण आहे. सोयाबीन यंत्रातून निघतं. माझ्या लहानपणी मधोमध तिवडा असायचा आणि त्याच्याभोवती ज्वारीच्या कणसांवर बैलांची पात फिरायची. अण्णा उठले, गोठ्यातून चुन्याची फक्की आणली आणि माझ्या हातात दिली. मी एक गोल काढला, त्याला चिकटून दुसरा. त्यांनी दोन्हींच्या मध्यावर एकेक वीट ठेवली. "दोन तिवडे," म्हणाले.

पहिल्यांदा पाय टेकला. दुसऱ्यांदाही. तीस-पस्तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि गल्लीतली दोन-चार पोरं कुडावर येऊन बसली होती. मी नांदेडहून येताना एलचे दोन्ही पुठ्ठे डिक्कीच्या पिशवीत ठेवले होते. ते काढले. अण्णांनी बघितले, काही बोलले नाहीत, स्वतः तार वळून पुढचा बांधला. मागचा मी बांधला.

"खाली बघू नका, अण्णा. पलीकडच्या तिवड्याकडं बघा."

त्यांनी मान वळवली. गाडी पहिल्या विटेभोवती आली, मध्यावर क्षणभर डुलली, आणि दोन्ही पाय वर तसेच ठेवून दुसऱ्या विटेकडे निघाली.