गाडी हवा खाते!

'हवा खाणे' हा वाक्प्रचार मी वर्गात कित्येक वर्षे शिकवीत आलो आहे. माणसे संध्याकाळी टेकडीवर हवा खायला जातात, तर काही तुरुंगाची हवा खाऊन येतात. पण मोटारही हवा खाते, आणि ती तिला बाधते, हे वडिलांनी मला सांगितले तेव्हा मी चक्क दुर्लक्ष केले.

आमची गाडी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याला बनत असत त्या या गाड्या. त्यांचे उत्पादन थांबूनही आता बरीच वर्षे झाली. मुंबईची काळीपिवळी पद्मिनीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. अण्णांनी मात्र आपली निवृत्त होऊ दिली नाही. ते आता ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांचे कान जवळजवळ गेले आहेत. वर्षभर ते शेजारच्या सीटवरून म्हणत होते, "अरे, गाडी हवा खातेय." ज्यांना दारावरची घंटा ऐकू येत नाही त्यांना इंजिनाचे दुखणे कसे ऐकू यावे? हे मी मनात म्हणत असे. एकदा मोठ्यानेही म्हणालो. नेमके तेवढे त्यांना ऐकू गेले!

गाडी उभी राहिली की थरथरे आणि बंद पडे. मी कार्बुरेटरचा स्क्रू पिळून रेस वाढवी. पुढे कुणीसे सांगितले म्हणून कार्बुरेटरचे दोन्ही नट अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून आवळले. शेवटी भंगारवाल्याशी बोलणे झाले. तो सोमवारी यायचा होता. शनिवारी अण्णा म्हणाले, "भद्रा मारुतीला जाऊन येऊ. हिच्यातूनच."

दौलताबादचा घाट तिने बिनतक्रार चढला. खुलताबादला गर्दीत थांबलो मात्र, आणि ती बंद! तिथला मारुती निजलेला. त्याच्या दारी गाडीनेही अंग टाकले. ढकलत एका मिस्त्रीकडे नेली. त्याने बॉनेट उघडले, गाडी सुरू करवली, मान तिरकी करून क्षणभर ऐकले आणि आपल्या दखनीत म्हणाला, "सर, ये हवा लेरी."

मी अण्णांकडे पाहिले नाही.

इंजिनाला एक भाग पेट्रोल जाळायला वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते, आणि ती मोजून देण्याचे काम कार्बुरेटरचे. गाडी उभी असताना त्याची झडप जवळजवळ मिटलेली असते. खाली पिस्टन मात्र ओढतच असतात. म्हणून आत निर्वात ओढ तयार होते आणि बारीकशा फटीतूनही न मोजलेली हवा आत शिरते. घाटात झडप उघडते, ओढ कमी होते, हवा भरपूर लागते आणि ती चोरटी हवा खपून जाते. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर अशी फट बरेच दिवस सांभाळून घेतो. आमच्या गाडीत तो हुद्दा माझ्याकडे होता!

फट शोधायची कशी? सायकलची ट्यूब पाण्यात बुडवली की बुडबुडा चुगली करतो. इथे हवा बाहेर येत नाही, आत जाते; बुडबुडा कुठला? मिस्त्रीने ऑइलकॅन घेतला आणि सांध्यांवर थेंब थेंब तेल सोडले. (काहीजण पेट्रोल शिंपडतात. गरम इंजिनावर तो खेळ करू नये.) कार्बुरेटरच्या बुडाशी थेंब पडताच थरथर थांबली, मागून निळसर धुराची एक फुंकर आली, आणि तेल आत गेल्यावर थरथर पुन्हा सुरू! त्याने तीन वेळा तसेच करून दाखवले. तिसऱ्यांदा केवळ माझ्यासाठी.

कार्बुरेटर उतरवला. गॅस्केट पापडासारखे तुटले. ते वयाने गेले होते. पण खालचा सपाट भाग दोन्ही कानांशी वाकला होता. "किसने इतना कसा?" मी घड्याळात पाहिले.

काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्याने तो भाग घासून घासून सपाट केला. गॅस्केटचा कागद त्याच्यावर धरून कडेने हातोडीने हलके ठोकले, तसा कागद बरोबर त्या आकारात कापला गेला. नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळले. मग मी वर्षभर पिळलेला स्क्रू उलटा फिरवू लागला. एक आटा, दोन, अडीच... माझा एकेक शहाणपणा निघत होता.

"अण्णा, तुम्हाला कसं ऐकू आलं?" मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

"ऐकू कशाला यायला हवं? तळपायांना कळत होतं."

परतताना दौलताबादच्या जुन्या दरवाजाशी वाहने खोळंबली होती. आम्हीही थांबलो. अण्णांनी पाय दाबून पाहिले, तळहात डॅशबोर्डवर ठेवला. मग धास्तावून माझ्याकडे वळले.

"बंद पडली का रे?"

"चालू आहे, अण्णा!"

"आँ?"

"चालू आहे!"