उन्हाच्या हिशेबानं मुंबई

पिरनवाडीच्या नाक्यावर रस्ता दुभंगतो. एक खानापूरकडं निघून जातो, दुसरा जांबोटीच्या झाडीत शिरतो आणि चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यात पोचतो. या दोन्हींकडं पाठ करून उभं राहिलं, की समोर तिसरा रस्ता असतो. उद्यमबागेतल्या फौंड्र्यांच्या धगीतून, टिळकवाडीच्या रेल्वे गेटांवरून तो बेळगावात जातो, तिथून हायवेला लागून निपाणी, कोल्हापूर, कराड, सातारा असं एकेक गाव मागं टाकत उत्तरेकडं ओढत नेतो. त्याच्या टोकाला मुंबई आहे, हे आमच्याकडच्या पोरांना नकाशा कळायच्या आधी कळायचं. लालबाग, परळ, भायखळा, करी रोड ही नावं गणपतीला आणि जत्रेला येणाऱ्या माणसांबरोबर घरात यायची. ट्रंकेतल्या नव्या कापडाच्या वासाबरोबर ती उलगडायची आणि पाहुणे परतले तरी माजघरात मागं राहायची.

आई मात्र मुंबईला कधी गेली नाही.

जायचं राहून गेलं, एवढंच ती सांगते. रोपलावणी, भांगलण, मळणी, सासऱ्यांचं आजारपण, मग आमच्या शाळा. तिचा थोरला भाऊ, तिचा अण्णा, आमचा मामा, मिलमध्ये साचे चालवत होता, तेव्हा दर वर्षी निघायचं ठरायचं आणि दर वर्षी भाताच्या पिकानं तिचा हात धरून ठेवला. आता या सुगीनंतर आम्ही निघणार आहोत. आई, मी आणि माझी पुतणी. दोन-तीन दिवसांचा मुक्काम, आणि त्यात काय काय बघायचं ते आखायचं काम माझ्याकडं आलं आहे.

पुतणीनं मोबाइलवर बघून यादी करून दिली. गेटवे, घारापुरी, राणीच्या बागेतले पेंग्विन, सी लिंक, हाजी अली, सिद्धिविनायक, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, जमिनीखालची मेट्रो. पान भरलं, समासही भरला. शेजारच्या काकूंनी येऊन तारापोरवाला मत्स्यालय सांगितलं. ते आता नाही म्हटल्यावर त्या जराशा हिरमुसल्या. त्यांच्या डोळ्यांत लग्नानंतरच्या पहिल्या मुंबईतला तो रंगीत मासा अजून पोहत होता. जो कुणी येतो तो आपापली मुंबई पानावर ठेवून जातो, आणि प्रत्येकाची मुंबई त्याच्या एका वयात थांबलेली असते.

त्या गच्च भरलेल्या पानाकडं बघताना जीव दडपला. पहिलं दर्शन एकदाच होतं. शहर दुसऱ्यांदा बघता येतं, दहाव्यांदा बघता येतं, पण रात्रभर बसमध्ये अवघडून आलेल्या, पदर सावरत पायरी उतरणाऱ्या बाईसमोर ते पहिल्यांदा उभं राहणार असेल, तर ते धावतपळत, एका टॅक्सीतून दुसऱ्या टॅक्सीत कोंबत, घड्याळाकडं बघत तिला दाखवायचं का? मन मानेना.

मार्ग आईनंच दाखवला, नकळत. ती अंगणात भात पाखडत होती. घड्याळ नाही, मोबाइल नाही. सुपातून कोंडा उडत होता, तिरक्या उन्हात क्षणभर सोनेरी होऊन खाली बसत होता, आणि ती ऊन सरकेल तसं पोतं सरकवत होती. थंडीत आमच्याकडं सूर्य येळ्ळूरच्या बाजूनं वर येतो. राजहंसगडाची कड आधी काळी दिसते, मग तांबूस, मग तिच्यावर बघवत नाही एवढं ऊन पेटतं. जांबोटीकडं तो मावळतो. त्याच दिशेनं पावसाळ्यात काळे ढग येतात, म्हणून आमच्या गावात पश्चिमेकडं बघायची नजर वेगळी असते, जरा जपून बघणारी. आईचा सगळा दिवस या दोन दिशांच्या मध्ये मांडलेला असतो. मग तिची मुंबई तरी वेगळ्या हिशेबानं का मांडायची? उजेड जसा फिरेल तसं फिरायचं. सकाळ पूर्वेच्या समुद्राला, संध्याकाळ पश्चिमेच्या.

मी नवं पान घेतलं.

बस रात्री बेळगावातून सुटेल. तवंदीचा घाट उतरताना निपाणीचे दिवे खाली पसरलेले दिसतील. खिडकी उघडी असलीच, तर तंबाखूचा तो उग्र, गोडसर, ओळखीचा वास आत येईल, आणि त्यानंतरचा अंधार परक्या मुलखाचा. डोळा लागेल, मोडेल, पुन्हा लागेल. उजाडताना वाशीचा पूल यावा असं मला फार वाटतं. खाडीवर राखाडी पाणी, दूर उभ्या इमारतींचे अजून न विझलेले दिवे, आणि बसमधल्या सगळ्यांनी एकदमच ताठ होऊन बाहेर बघायला लागणं.

त्या पहिल्या सकाळी मी गेटवे लिहिला. त्याचं तोंड पूर्वेला, बंदराकडं आहे. शहराच्या बाजूनं गेलं तर सकाळी कमान सावलीत असते आणि तिच्या पोटातून नुसता झगझगीत समुद्र दिसतो. त्याचा पिवळट बेसाल्ट उजळलेला बघायचा तर पाण्यात जाऊन मागं वळून बघावं लागतं. म्हणून सकाळीच घारापुरीची लाँच. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढा वार टाळायचा. लाँच धक्का सोडेल, डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास एकत्र येईल, सीगल मागं लागतील, आणि आई कठड्याला घट्ट धरून त्या दगडी कमानीकडं बघेल, तेव्हा ती पुरी उन्हात न्हालेली असेल.

ही कमान 1924 च्या डिसेंबरात खुली झाली. त्याच डिसेंबरात आमच्या टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, गांधीजी ज्याचे अध्यक्ष झाले ते एकमेव अधिवेशन. एका बाजूला समुद्राकाठी साम्राज्यानं स्वतःसाठी उभारलेलं दार, आणि दुसरीकडं बेळगावच्या माळावर तंबूंमध्ये जमलेली खादीतली माणसं. 28 फेब्रुवारी 1948 ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच दारातून बाहेर पडली. आईला मी हे लाँचवर सांगेन की नाही, ठाऊक नाही. तिला बहुधा सीगलच पुरतील. पण माझ्या मनात त्या कमानीखालून आमच्या त्या अधिवेशनाच्या काँग्रेस विहिरीचा गारवा वाहत येतो, आणि दोन गावं क्षणभर एका वर्षात उभी राहतात.

घारापुरीला धक्क्यापासून छोटी गाडी आहे, पण पुढं शंभरावर पायऱ्या. आईच्या गुडघ्यांसाठी मी तिथं पानावर मोकळी जागा सोडली आहे. बसायचं, पाणी प्यायचं, माकडांपासून पिशवी सांभाळायची, पुन्हा उठायचं. आणि मग ती गुहा. बाहेरच्या पांढऱ्या उन्हातून आत पाऊल टाकलं की डोळ्यांना आधी काहीच दिसत नाही. खांब उगवतात, एकामागं एक, आणि अगदी आत, दक्षिणेच्या भिंतीतून, अठरा-वीस फूट उंचीचा सदाशिव हळूहळू वर येतो. त्याचं तोंड उत्तरेला आहे, त्यामुळं ऊन त्याला थेट कधी भिडत नाही. येतो तो दगडांवर आपटून, मवाळ होऊन आलेला उजेड. मधल्या मुखाचे मिटलेले डोळे, जाड ओठ, आणि दोन्ही बाजूंना उग्र नि कोमल असे दोन चेहरे. आमच्या घरी देवघर माजघराच्या कोपऱ्यात आहे. तिथंही असाच, दारातून वळसा घेऊन आलेला उजेड असतो. मला वाटतं, आई तिथं हात जोडेल आणि बराच वेळ हलणार नाही.

त्या दिवशी त्यापुढं काहीही ठेवलेलं नाही.

दुसरा दिवस शहराच्या दगडांचा. बोरीबंदरची ती इमारत, आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, पश्चिमेकडं बघत उभी आहे, तेव्हा ती दुपार कलल्यावर. 1887 साली ती सुरू झाली. तिच्या अंगावरचं कोरीवकाम जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं, आणि कलत्या उन्हात त्यातलं एकेक पान, एकेक पक्षी दगडातून सुटा होतो. पुतणीला सांगितलं आहे, फोटो नंतर, आधी मान वर करून बघ.

तिथून चालत हुतात्मा चौक. फ्लोरा फाउंटनच्या शेजारचं ते स्मारक कुठल्याही सहलीच्या यादीत घाईनं उरकलं जातं, पण आम्ही सीमाभागातले लोक तिथं पाहुण्यासारखे उभे राहू शकत नाही. बेळगावातही हुतात्मा चौक आहे. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबई ही आमच्याही राज्याची राजधानी होती. माझ्या आजोबांच्या जुन्या कागदांवर मुंबई सरकारचे शिक्के आहेत. 1946 च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, आणि मग महाराष्ट्र झाला तेव्हा आम्ही बाहेर राहिलो. दर 17 जानेवारीला आमच्याकडं हुतात्म्यांना फुलं वाहिली जातात. आई दोन्हीकडच्या माणसांत राहिली आहे. तिचं कानडी बाजारात फर्डं चालतं, शेजारणीशी ती त्याच भाषेत सुखदुःख बोलते, आणि तरीही एक फूल न्यायला हवं, असं तिनं आपण होऊन सांगितलं. बेळगावच्या बाजारातली अबोली मुंबईपर्यंत टिकेल का, याचीच तिला काळजी.

गिरगावची चौपाटी संध्याकाळी, आणि तिच्या अलीकडं ऑपेरा हाऊसचा भाग. तिथं बघण्यासारखं फार नाही, तरी मी तो लिहून ठेवला. बेळगावच्या पलीकडं सुळेभावी आहे. तिथं 1924 मध्येच जन्मलेला एक मुलगा दहा-बारा वर्षांचा असताना बी. आर. देवधरांकडं गाणं शिकायला मुंबईत याच भागात आला. शिवपुत्र कोमकळी, म्हणजे कुमार गंधर्व. घरात कानडी, गळ्यात कुठल्याच एका भाषेचं नसलेलं काहीतरी. त्या पोरानं मुंबई प्रथम पाहिली तेव्हा त्याला काय दिसलं असेल यापेक्षा काय ऐकू आलं असेल, हा विचार मला सोडत नाही. ट्रामची घंटा, समुद्राचा न थांबणारा षड्ज, चाळीच्या जिन्यावरची पावलं, आणि बंद दारामागं कुणीतरी लावलेला तंबोरा. आपणही कधी डोळे मिटून त्या रस्त्यावर दोन मिनिटं उभं राहायचं.

आणि मग मरीन ड्राइव्ह. थंडीत सूर्य मलबार हिलच्या टेकडीपासून दक्षिणेला सरकलेला असतो आणि आड काही न येता थेट पाण्यात उतरतो. पश्चिमेकडं नेहमी जपून बघणाऱ्या आईला, ढग नसलेली, नांगरट नसलेली, उद्याची चिंता नसलेली एक पश्चिम बघायला मिळावी, एवढंच माझ्या मनात आहे. कठड्यावर बसून शेंगाचटणी आणि दशम्या खायच्या. क्वीन्स नेकलेसचे दिवे लागतील तेव्हा लागतील.

लालबाग मी शेवटच्या सकाळी ठेवलं होतं. तिथं तसं दाखवण्याजोगं उरलं नाही, अशी माझी समजूत. मामाची मिल गेली, जागेवर काचेचे उंच मनोरे आले. मामा राहायचा त्या गावकऱ्यांच्या खोलीत पाळीनं माणसं झोपायची, एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरायची. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि मामा काही महिन्यांनी एक ट्रंक घेऊन गावी आला तो कायमचा. नंतर तो मुंबईविषयी फारसं बोलला नाही. भारतमाता सिनेमाचं नाव निघालं तर तेवढं हसायचा.

मी पान वाचून दाखवलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि उठून कपाटातल्या पितळी डब्यातून एक कपटा काढून आणला. मनिऑर्डरचं कुपन. कडा कुरतडल्यासारख्या, घडीवर फाटलेलं, निळी शाई तपकिरी झालेली. मामाचं ठसठशीत अक्षर: पैसे पोचल्याचे कळवणे, भाताला खत घालणे, बाळीला शाळेत घालणे. बाळी म्हणजे मी. खाली चाळीचं नाव अर्धं उरलेलं, करी रोड मात्र स्पष्ट.

“हे शेवटी का घातलंस?” आई म्हणाली. “आधी अण्णाच्या दारात जाऊया की. गेटवे काय पळून जातंय व्हय?”

तिथं आता काही नाही, असं मी म्हणाले. चाळ असेल, नसेल. पूल आहे, स्टेशन आहे, कुठंतरी एखादी चिमणी उभी असेल.

“असू दे की. तो सातच्या पाळीला कुठनं जायचा, तेवढा रस्ता बघू.”

मी गेटवे खोडला आणि वर लिहिलं: पहिला दिवस, सकाळी सात, करी रोड स्टेशन, तिथून भारतमातापर्यंत चालत. लाँच त्यानंतरची मिळेल ती. कमानीवरचं ऊन तोवर चढलेलं असेल, पण आईला चालणार आहे.