तीन पिढ्यांचा पुरावा

काकांनी वनहक्काचा दावा भरायला घेतला आणि आमच्या घरात पहिल्यांदाच वंशावळ कागदावर मांडायची वेळ आली. आम्ही सिरोंचा तालुक्यातले, बिगर-आदिवासी. 2006 च्या वनहक्क कायद्यात आमच्यासारख्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणतात. 13 डिसेंबर 2005 आधीच्या तीन पिढ्या आपण इथेच राहिलो, जंगलावर जगलो, हे आम्हाला सिद्ध करावं लागतं. कायद्याच्या हिशेबात एक पिढी पंचवीस वर्षांची. म्हणजे 1930 साली आमचं कुटुंब याच गावात होतं, हे दाखवायचं होतं.

पणजोबा प्राणहितेपलीकडून, निजामाच्या मुलखातून आले हे घरात सगळ्यांना ठाऊक. सागवान ओढायला गाडी घेऊन आले आणि इथेच राहिले. पण कोणत्या साली आले, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. लिहिणारं घरात कुणी नव्हतंच.

कागद शोधायचे तर आधी कचेऱ्यांचा इतिहास समजून घ्यावा लागला. सिरोंचाचा मुलूख 1860 मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आला. आधी तो अप्पर गोदावरी जिल्ह्यात होता, 1874 मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला आणि 26 ऑगस्ट 1982 रोजी नव्या गडचिरोली जिल्ह्यात आला. माणसं जागेवरच राहिली, दप्तरं मात्र हलत गेली. त्यामुळे सिरोंचा, गडचिरोली आणि चंद्रपूर अशा तिन्ही ठिकाणी चौकशी करावी लागली.

बंदोबस्ताच्या मिसलीत आमचं नाव मिळालं नाही. पणजोबांच्या नावावर जमीनच नव्हती, मग सारा कुठला आणि नोंद कुठली? शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात धाकट्या आजोबांचं नाव सापडलं, वडिलांच्या नावासकट. पण दाखल्याचं साल 1934. चार वर्षांनी उशीर! जन्मतारीख 1 जुलै, म्हणजे गुरुजींनी अंदाजाने टाकलेली. शेवटी कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या नोंदीत 1928 सालची एक ओळ दिसली: आमचं गाव, बापाच्या रकान्यात पणजोबांचं नाव, पुढे ‘मुलगा’. बाळाचं नावच नव्हतं, कारण बारशाआधीच नोंद झालेली. शिवाय शाळेच्या कागदावर आमचं तेलुगू घराण्याचं नाव आधी लिहिलेलं, इथे ते गाळलेलं. हा तोच माणूस, हे कागद एकटा सांगू शकत नव्हता.

ते सांगितलं थोरल्या आत्याने. तिने तिच्या आजीकडून ऐकलेलं तिला लख्ख आठवत होतं: थोरले आजोबा कडेवर होते तेव्हा सगळं घर कालेश्वरमला गोदावरीच्या पुष्कराला गेलं, त्यानंतर एक मुलगी झाली, ती वाचली नाही, मग धाकटा मुलगा. गुरू सिंह राशीत आला की गोदावरीचं पुष्कर लागतं, नाशिकचा सिंहस्थ असतो तोच योग. बारा-बारा वर्षं मागे मोजत आम्ही गेलो. धाकटा 1928 चा असेल तर थोरल्याचं पुष्कर 1920 चंच. आत्याची साखळी आणि कोतवालाची ओळ एकमेकींत नेमकी बसली. आणि त्या मुलीची, जिचं नाव कुठल्याच दप्तरात नाही, तिची जागा वंशावळीत पहिल्यांदा आम्ही आखली.

गावातल्या एका गोंड आजोबांनीही वनहक्क समितीपुढे जबाब दिला. पणजोबांची पहिली झोपडी कुठे होती, ती उभी करायला त्यांच्या वडिलांनी बांबू कसा दिला, हे त्यांनी जागेवर उभं राहून सांगितलं. कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब आणि जुन्या नोंदीपर्यंत पोचणारी वंशावळ, हे दोन्ही पुरावे मान्य आहेत. ग्रामसभेने ठराव करून दावा उपविभागीय समितीकडे पाठवला.

या शोधात आयर्लंडबद्दल वाचनात आलं. 1922 मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराला आग लागून शतकांची दप्तरं गेली. जनगणनेतल्या 1901 आणि 1911 च्या याद्या वाचल्या. दुष्काळात देश सोडून गेलेल्यांचे वंशज म्हणून आज ‘ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन’ उघडतात. ती 1847 ते 1864 च्या दरम्यान करआकारणीसाठी झालेली पाहणी. कूळ म्हणून जमीन कसणाऱ्याचं नाव तिथे तरी मिळतं. ज्याच्याकडे कुळाचा तुकडाही नव्हता, त्याचा वंशज तिथेही अडतो. साम्राज्य एकच होतं आणि त्याच्या वह्या महसुलासाठी होत्या. भूमिहीन स्थलांतरिताला त्यांत जागा मिळाली ती जन्म-मृत्यूच्या वेळी, तीही क्वचितच.

म्हणून जंगलातल्या प्रत्येक गावाला माझं कळकळीचं सांगणं आहे. दावा भरायची वेळ येईपर्यंत थांबू नका. ग्रामसभेने वंशावळींची वही घालावी आणि घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला आधी विचारावं. तारीख विचारू नका. पुष्कर, पूर, दुष्काळ, कुणाचं लग्न आधी झालं, हे विचारा. मेलेल्या मुलांचीही नावं विचारा. बाईचं बोलणं तिच्याच शब्दांत लिहा, तिचा अंगठा घ्या, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. रेकॉर्ड रूममधला कागद पुढच्या वर्षीही मागता येईल. आमच्या आत्यासारखी माणसं मात्र प्रत्येक गावात दोन-चारच उरली आहेत, त्यांच्याकडे याच उन्हाळ्यात जायला हवं.