कुंपणावरचा सरडा

सरड्याविषयी चांगले बोलण्याची आपल्या मराठीत प्रथाच नाही. माणसाने शब्द फिरवला की तो सरडा, आणि माणसाची कुवत कमी म्हणायची असली तरी सरडाच! बारावीनंतर मी कॉलेजला निघालो तेव्हा हेमलकशाजवळच्या आमच्या गावातले एक वडीलधारे गृहस्थ बाबांना म्हणाले, "सरड्याची धाव कुंपणालोक! हे पोरगं जाऊन जाईन कुठं?" बाबा काहीच बोलले नाहीत. भामरागडच्या बाजारापलीकडे ते स्वतः क्वचितच गेलेले. मला मात्र ते बोल लागले, आणि त्या उन्हाळ्यात मी कुंपणावरच्या सरड्याकडेच पाहत बसलो.

हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथल्या प्राण्यांच्या अनाथालयातला बिबट्या पाहायला माणसे कुठून कुठून येतात. आमच्या वाडीच्या बांबूच्या कुंपणावरचा सरडा पाहायला कोण येणार?

सकाळी उन्हे आली की स्वारी खुंटावर हजर. याचे रक्त उन्हावाचून तापत नाही. अंग शेकले तरच हातपाय चालतात. मग मुंग्या, भुंगेरे, नाकतोडे, अळ्या, जे टप्प्यात येईल ते. (सरडा लांबूनच माणसाचे रक्त पितो, असे आजी अजून सांगते. त्या बिचाऱ्याला नाकतोडा पुरतो!) शेपूट धडाच्या दुपटीहून लांब, पण पालीसारखी ती टाकून पळण्याची सोय त्याला नाही.

पावसाळा जवळ आला की नराचे डोके आणि खांदे लाल होतात. दुसरा नर दिसला की तो गळा फुगवतो, मान हलवतो, पुढच्या पायांवर जोर काढतो, अगदी पीटीच्या तासासारखे. हरणाऱ्याचा रंग पाहता पाहता उतरतो. म्हणजे ज्या रंग बदलण्याला आपण लबाडी म्हणतो, ते त्याचे उघड बोलणे आहे. अमेरिकेतले ॲनोल सरडे हेच बोलणे गळ्याखालचा रंगीत पंखा उघडून करतात. आपल्याकडे साताऱ्याच्या पठारांवरही असे पंखेवाले सरडे आहेत. त्यांच्या एका गटाला शास्त्रज्ञांनी २०१६ साली नाव दिले तेही 'सरडा'च. आपला मराठी शब्द जगाच्या प्राणिशास्त्रात गेला!

मादी मऊ मातीत खळगा करून दहा-वीस अंडी घालते, माती सारखी करते आणि निघून जाते. पिल्ले आपली आपण बाहेर येतात.

तर कुंपण. तिथून त्याला भक्ष्य दिसते, मादी दिसते, शत्रू दिसतो. ऊन तिथेच आधी येते. मग त्याने पुढे धावायचे कशाला? धान पिकले की बाबा रात्र रात्र माळ्यावर बसून रानडुकरे हाकतात. त्यांच्या त्या जागरणांवरच माझी फी भरली गेली. बाबांची धाव कुठवर, हे मोजणाऱ्याने एकदा त्या माळ्यावर चढून पाहावे.

यंदा बाबा बांबू काढून काटेरी तार लावणार आहेत. तारेवर सरडा बसतो का, ते दिवाळीच्या सुट्टीत पाहायचे आहे. तोवर त्याचा लाल रंग उतरलेला असेल.