तोबियाचे कुत्रे आणि आमचे

कॉलेजात शिकत असता कुत्रे पाळावे की न पाळावे, असा प्रश्न धर्मग्रामातील एका विद्यार्थ्याने परवा आम्हास विचारला. प्रश्न लहान खरा. परंतु तो ऐकून आम्हास १९९८ सालचा जून महिना आठवला.

त्या वर्षी खानापूर तालुक्यातील आमचे गाव सोडून आम्ही शिक्षणासाठी बेळगावास खोली घेतली होती. निघण्याच्या आठवड्यातच गल्लीतली कुत्री मालमोटारीखाली सापडली आणि तिचे दोन महिन्यांचे एकुलते पिल्लू मागे राहिले. आम्ही त्यास मोत्या म्हणू लागलो; आणि एकदा नाव ठेवले की माणूस अडकलाच म्हणावयाचा. घरमालकीणबाईंची हरकत नव्हती. आई एवढेच म्हणाली, "फादरांना विचार."

आम्ही शास्त्रातला दाखला तयार ठेवूनच गेलो. तरुण तोबिया राफाएल दूताबरोबर परमुलखास निघाला तेव्हा त्याचे कुत्रेही संगे गेले, असे तोबीतच्या पुस्तकात आहे. फादर हसले. "अरे, तोबिया दिवसभर चालत होता, म्हणून कुत्रेही चालले. तू दिवसभर वर्गात बसणार. ते कोठे बसेल?"

हे उत्तर आम्हास मुळीच आवडले नाही. मोत्या बेळगावास आला.

सकाळी आठ वाजता आम्ही कडी लावून निघावे, ते पाचला परतावे. एवढ्या लहान पिल्लास दिवसातून तीन-चार वेळा खाऊ घालावे लागते. आम्हास दोनदाच जमे. शेजारी बाळंतीण होती. पिल्लू दुपारभर रडते, असे ती बिचारी संकोचत सांगून गेली. पाचव्या दिवशी दाराच्या खालच्या फळीवर ओरखडे दिसले व ओरखड्यांत रक्त.

त्या रात्री आम्ही हिशेब मांडला. पदवी तीन वर्षांची. कुत्रे दहा-बारा वर्षे जगते. पुढे नोकरी कोणत्या गावी, कोणास ठाऊक? रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात व पुढे दरवर्षी टोचावयाची. ते पैसे खाणावळीच्या खर्चातून कसेबसे काढता आले असते. दुपार मात्र कोठून काढावी?

शनिवारी पिशवीतून मोत्या गावी परतला. कंडक्टरने पिशवी हलताना पाहिली व तोंड फिरविले. देव त्याचे भले करो. कुत्रे उंबऱ्याबाहेरच बरे, असे म्हणणाऱ्या आजोबांनी ते मुकाट्याने घेतले. महिन्याभरात ते त्यांच्या खाटेखाली निजू लागले व सकाळच्या मिस्सेला त्यांच्यामागून चर्चच्या पायरीपर्यंत जाऊ लागले.

त्या विद्यार्थ्यास आम्ही सांगितले, घरी दिवसभर कोणी असेल आणि ते राजीखुशीने सांभाळणार असेल, तर खुशाल पाळ. एकट्याच्या खोलीत नको. तो खट्टू झाला. आम्हीही झालो होतो.

त्याच वर्षी नाताळासाठी आम्ही शेवटच्या बसने गावी उतरलो. अंगणात पाऊल टाकताच मोत्या दात विचकून आमच्यावर धावून आला. आतून आजोबांचा आवाज आला, "गप रे मोत्या, घरचाच आहे तो."