अर्धा सूर खाली

गायकाला पट्टी विचारली की आमच्याकडे उत्तर बहुतेक वेळा काळ्यातच येतं. जळगाव-धुळ्याकडचा ऑर्केस्ट्रा असो, भीमजयंतीचा मंच असो की हळदीची रात्र, पुरुष गायक म्हणतो काळी एक, फार तर काळी दोन. बाई गाणार असतील तर काळी चार किंवा काळी पाच. हार्मोनियमवर तयार झालेल्या गळ्यांचा हा हिशेब आहे आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. माझ्या हातातल्या बेस गिटारच्या चार तारा मात्र जगभर ज्या सुरांत लावतात, ते चारही सूर पांढरे: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. गळा काळ्यावर, वाद्य पांढऱ्यावर. खान्देशात बेस वाजवणाऱ्याची सगळी निवड या एका गोष्टीपासून सुरू व्हायला हवी, असं मला आता ठामपणे वाटतं. कुठल्या कंपनीचं वाद्य, किती तारा, कोणता अ‍ॅम्प्लिफायर हे सगळं त्यानंतर.

दिवसा मी एका जिनिंगच्या कार्यालयात हिशेब पाहतो. कापसाचा हंगाम आणि लग्नसराई हातात हात घालून येतात, त्यामुळे दिवाळीनंतर दिवसा गाठींचे आकडे आणि रात्री गाणी असा क्रम असतो. आमचा ग्रुप लहान आहे: कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, दोन गायक, एक गायिका आणि मी. पैसे मिळतात, पण कुणाचंच घर त्यावर चालत नाही. तरी पारोळ्याला, अमळनेरला, शिरपूरला निरोप आला की क्रूझरमध्ये सामान भरताना जो उत्साह अंगात येतो, तो मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

तर पट्टीचं. मी माझ्या चारही तारा अर्धा सूर खाली उतरवल्या. वाचायला ही एवढीशी गोष्ट आहे, पण हिशेब मांडून पाहा. सगळ्यात जाड चौथी तार पांढरी तीनवरून काळी दोनवर येते. तिसरी काळी चारवर, दुसरी काळी एकवर, पहिली काळी तीनवर. चारही सुट्या तारा काळ्या. गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा सा माझ्या दुसऱ्या सुट्या तारेवर आणि खालचा प तिसऱ्या सुट्या तारेवर. गायिका काळी चारमध्ये असेल तर सा तिसरीवर आणि खालचा प चौथीवर, तोही सुटाच. डावा हात पडद्यावर न ठेवता सा आणि प! तंबोऱ्याच्या जवळ जाणारं हे काही सापडलं तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत त्या दोन तारा नुसत्या छेडत बसलो होतो. सुटी तार दाबलेल्या तारेपेक्षा जास्त वेळ गुंजते, तिचा आवाज भरीव असतो, आणि संथ गाण्यात गायकाला त्या गुंजण्यावर टेकता येतं.

तार उतरवली की ती सैल पडते, पडद्यांवर खडखडते. अर्धा सूर खाली आल्यावर ताण साधारण दहाअकरा टक्क्यांनी कमी होतो. त्यावर उपाय जाडीत आहे. नेहमीचा संच .045 ते .100 इंचांचा, मी .050 ते .105 चा लावतो. जाडी वाढली की वस्तुमान वाढतं, आणि ताण जवळजवळ होता तिथे परत येतो. वाद्याची मान वाकत नाही, बोटांना ओळखीचा कसही मिळतो. जाड तारांसाठी वरच्या नटच्या खाचा थोड्या रुंद कराव्या लागतात. ते काम बारीक कानशीने, धीराने करायचं.

पाच तारांच्या बेसचा मोह मी समजू शकतो. पाचवी तार 31 हर्ट्झच्या आसपास जाते, आणि कानाला एकदा त्या खोलीची चव लागली की चार तारा अपुऱ्या वाटतात. पण आमच्याकडच्या मंडपात ती खोली पोहोचते कुठे? मंडपवाल्याचे स्पीकर 40 हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाहीत, बऱ्याचदा तिथून खालचं मुद्दामच कापलेलं असतं. माझी उतरवलेली चौथी तार 38.9 हर्ट्झची, म्हणजे काठावरच उभी. तिचा मूळ सूर कमी ऐकू आला तरी 78 हर्ट्झचा वरचा सूर ऐकू येतो आणि उरलेलं कान स्वतः पुरं करतो. माणसाच्या ऐकण्याची ही मोठी सोय आहे. त्याच्याही खाली गेलं की अ‍ॅम्प्लिफायरची ताकद खर्ची पडते आणि ऐकणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. काळी दोनचा खर्जातला सा मला चार तारांतच मिळतो. तेवढा पुरे.

कानाच्या याच सोयीमुळे मी गुळगुळीत, म्हणजे फ्लॅटवाऊंड तारा वापरत नाही. मोटाऊनच्या गाण्यांतला जेम्स जेमर्सन फ्लॅटवाऊंड तारांवर वाजवायचा आणि त्या बदलायचा नाही. त्याचं वाजवणं मला आजही थक्क करतं. पण त्याचा बेस बहुतेक थेट रेकॉर्डिंगच्या टेबलात जायचा. माझा जातो लोखंडी खांबांवर बांधलेल्या स्पीकरमध्ये, समोर मोकळं शेत. तिथे वरचे सूर नसतील तर बेस आहे की नाही तेच कळत नाही. म्हणून निकेलच्या गोल वळणाच्या तारा, थोड्या मुरलेल्या, आणि टोनची कळ अर्ध्यावर.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात बेस गिटार रुजवणाऱ्या हातांबद्दल आपण फार कमी बोलतो. लिओ फेंडरने 1951 साली प्रिसिजन बेस बाजारात आणला, 34 इंच लांबीच्या तारांचा. ती लांबी आजही बहुतेक बेसना आहे. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवत. ती गाणी आम्ही प्रत्येक कार्यक्रमात घेतो, पण नावं घेतली जातात संगीतकाराची, गायकाची, फार तर गीतकाराची. मी निवेदकाला एकदा सांगून पाहिलं आणि त्याने मंचावरून टोनी वाझ यांचं नाव घेतलं. पुढच्या रांगेतले एक निवृत्त शिक्षक मध्यंतरात येऊन त्या नावाचं स्पेलिंग लिहून घेऊन गेले. मला फार बरं वाटलं.

चित्रपटगीतांना बेसची ओळ तयार मिळते. अहिराणी गाण्यांना ती मिळत नाही, आणि खरी कसोटी तिथे आहे. कानबाई या देवीची गाणी, लग्नातली गाणी पाच-सहा सुरांत फिरतात. सुरावट लहान, ओळ पुन्हा पुन्हा येते, आणि प्रत्येक वेळी ती थोडी वेगळ्या जोराने येते. कीबोर्डवाल्याला त्याखाली कॉर्ड बदलायचा मोह होतो. एक मायनर घातला, एक सातवा घातला की गाणं सिनेमातलं वाटायला लागतं, आणि समोरच्या बायका टाळ्या वाजवायच्या थांबतात. आमच्या कीबोर्डवाल्याशी माझा हा वाद जुना आहे. तो उत्तम वाजवतो, त्याचा डावा हात तयार आहे, आणि अनेक ग्रुपमध्ये बेसची जागा त्या डाव्या हातानेच घेतलेली आहे हेही खरं. माझं म्हणणं एवढंच, की या गाण्यांत सा आणि खालचा प धरून राहावं, ओळ संपताना कोमल नीवरून सावर उतरावं, बाकी मोकळं सोडावं. सुरावट स्वतःच इतकी पुरेशी आहे की तिच्याखाली फक्त जमीन लागते.

पट्टीबद्दल त्याच्याशी आणखी एक ठरवून घ्यावं लागलं. कीबोर्डवर ट्रान्सपोजची कळ असते; बोटं एका सुरावर, आवाज दुसऱ्याचा. मंचावर घाईत त्याला ‘काय वाजवतोयस?’ विचारलं तर तो बोटांखालचा सूर सांगतो. म्हणून मी आता फक्त गायकाकडे पाहतो. आमचा मोठा गायक अमळनेरकडचा, तो मागे न वळताच म्हणतो, ‘भाऊ, काळी दोनमा धर.’ एवढं पुरतं.

ढोलकीबरोबर वाजवणं हा वेगळाच अभ्यास. ढोलकीच्या धुमेला स्वतःचा खालचा आवाज असतो, आणि घुमारा काढला की तो सूर खालून वर घसरत जातो. त्याच क्षणी बेसचा लांब सूर चालू असेल तर दोन्ही गढूळ होतात. मी सूर लहान करायला शिकलो: उजव्या हाताच्या तळव्याची कड ब्रिजपाशी तारांवर टेकवायची, अंगठ्याने छेडायचं, आणि घुमारा सुरू व्हायच्या आधी सूर मिटलेला असायला हवा. ढोलकीवाल्याचा डावा खांदा थोडा पुढे आला की घुमारा येणार, हे मला पाहून पाहून कळायला लागलं. ऑक्टोपॅडवर असं काही पाहायला मिळत नाही.

आता आमच्या हवेविषयी. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो, कधी वरही. अशा दुपारी बंद गाडीत वाद्य ठेवायचं नाही, मग जेवण थांबलं तरी चालेल. लाकूड सुकतं, मान हलते, पावसाळ्यात ओल धरून पुन्हा हलते. मानेतली लोखंडी सळई वर्षातून दोनदा तरी पाव वळण इकडेतिकडे करावी लागते. तारांचं गणित सोपं आहे: तापल्या की सैल, गार झाल्या की ताठ. मंचावरच्या दिव्यांखाली सूर उतरतो, वाऱ्याची झुळूक आली की चढतो. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात मी दर दोन गाण्यांनंतर ट्यूनरकडे पाहतो.

विजेचं प्रकरण हवेपेक्षा अवघड. आपल्या विजेची वारंवारिता 50 हर्ट्झ. स्पीकरमधून येणारी घरघर त्याच सुरात किंवा त्याच्या दुपटीत असते, आणि हा सूर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या अधेमध्ये पडतो. दोघांशीही जुळत नाही. जनरेटरवर भार बदलला की तो सरकतोही. म्हणून माझ्या पिशवीत ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स कायम असतो, त्यावर ग्राउंड लिफ्टची कळ. ती दाबली की बहुतेक घरघर थांबते. प्लगची अर्थिंगची पिन तोडून घरघर घालवणारे लोक मी पाहिलेत. तसं कुणीही, कधीही करू नये. गायकाचे ओठ माइकला लागलेले असतात आणि माझा हात तारांवर असतो; जीवाशी खेळ आहे तो. मंडपवाल्याशी मी एरवी वाद घालत नाही, पण अर्थिंग नीट नसेल तर वाजवत नाही. बेस पॅसिव्ह घेतला तोही अशाच विचारातून. अ‍ॅक्टिव्हला नऊ व्होल्टची बॅटरी लागते, आणि रात्री नऊला तालुक्याच्या गावात ती शोधत फिरण्यात माझा सूर लागायचा राहून जातो.

जागेप्रमाणे वाजवणं बदलावं लागतं. 40 हर्ट्झच्या लाटेची लांबी आठ मीटरहून जास्त. पत्र्याच्या मंगल कार्यालयात ती भिंतींवर आपटून परत येते आणि ठरावीक सूर अंगावर धावून येतात. तिथे मी खालचे सूर टाळतो. मोकळ्या लॉनवर तीच लाट निघून जाते. आणि दहा वाजता आवाज कमी करायचा निरोप येतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, ठरावीक दिवसांची सवलत सोडून. नियम योग्यच आहे. शेजारी म्हातारी माणसं असतात, परीक्षेची पोरं असतात. मात्र आवाज उतरवला की कानाला सगळ्यात आधी खालचे सूर ऐकू येईनासे होतात. म्हणून दहाच्या जवळ मी एक सप्तक वर जातो.

मागच्या लग्नसराईत धुळ्याला एका हळदीत वरातीच्या बॅण्डमधला क्लॅरिनेटवाला मंचाजवळ आला आणि आमच्याबरोबर वाजवू का म्हणाला. बॅण्डमधले क्लॅरिनेट, ट्रम्पेट बहुधा बी फ्लॅटचे, म्हणजे त्यांचा घरचा सूर काळी पाच. आमच्या गायिकेचीही पट्टी तीच. माझा सा तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर, खालचा प चौथ्या तारेच्या दुसऱ्याच पडद्यावर, हात हलवायचंही कारण नाही. तिने अहिराणीतलं हळदीचं गाणं सुरू केलं, त्याने दुसऱ्या ओळीपासून तिची सुरावट उचलली, ढोलकीवाल्याने लय थोडी मागे ओढली. कीबोर्डवाल्याने दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलून मांडीवर ठेवले आणि सबंध गाणं तसंच होऊ दिलं. गाणं संपल्यावर नवरदेवाच्या आत्याने तेच पुन्हा म्हणायला लावलं.